चारकोपच्या खाडीतली तिवरं

परवा संध्याकाळी चारकोपला खाडीच्या कडेला कोल्हा दिसला. तिवरांतून बाहेर आला, चिखलात काहीतरी हुंगलं आणि आमची चाहूल लागताच परत आत शिरला. समोर वीस मजली इमारती. लेक म्हणाली, "आई, हा इथेच राहतो?" इथेच राहतो, आपण राहायला यायच्या कितीतरी आधीपासून.

वर्सोवा ते भाईंदर किनारी रस्त्यासाठी ४५ हजारांहून जास्त कांदळवृक्षांना, म्हणजे तिवरांसारख्या खारफुटीच्या झाडांना, फटका बसणार आहे, काही कायमची जातील, काही कामापुरती. कांदळवन नष्ट करणं हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग आहे, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ साली सांगितलं होतं. अपवाद फक्त सार्वजनिक हिताच्या कामांचा, आणि तोही न्यायालयाच्या परवानगीनं. या रस्त्याला ती परवानगी मिळाली.

लिंक रोडच्या ट्रॅफिकमध्ये मीही रोज अडकते, त्यामुळे रस्त्याची गरज मला कुणी समजावून सांगायला नको. पण महापालिकेचं "बदल्यात तिप्पट रोपं लावू" हे ऐकलं की जीव तुटतो.

तिवर कधी जवळून बघितलंय? खाडीच्या चिखलात हवा जवळजवळ नसतेच. म्हणून या झाडाची मुळं चिखलातून वर येतात, बोटाएवढी, शेकडो, बुंध्याभोवती काट्यांसारखी उभी. झाड त्यातून श्वास घेतं. पान चाटून बघा, खारट लागेल, कारण नको असलेलं मीठ ते पानांवाटे बाहेर टाकतं. याच मुळांत निवट्या, म्हणजे चिखलात सरपटणारे छोटे मासे, फिरतात, चिंबोऱ्या बिळं करतात, माशांची पिल्लं मोठी होतात. कोळीवाड्यातल्या आमच्या मासेवाल्या मावशी सांगतात की त्यांच्या लहानपणी ओहोटीला नुसत्या हातानं टोपलीभर निवट्या मिळायच्या. एवढं सगळं जमायला किती वर्षं लागली असतील! पिशवीतल्या रोपाबरोबर यातलं काय येणार आहे?

आणि कुऱ्हाडच लागते असंही नाही. रात्री डंपर येतात, डेब्रिज टाकतात, मुळं गाडली जातात आणि झाड गुदमरतं. कुठे बांध घालून भरतीचं पाणीच अडवतात. झाडं वाळली की तिथे जंगल नव्हतंच म्हणायला सगळे मोकळे. आमच्या भागात हे मी स्वतः बघितलंय, तक्रार केली, कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरला, तोवर जमीन सपाट झाली होती.

म्हणून माझं मागणं साधं आहे. रोपं किती लावली हे सांगू नका. तीन वर्षांनी, पाच वर्षांनी किती जगली ते वॉर्डातल्या लोकांना जागेवर नेऊन दाखवा. रस्त्याच्या कामात खाडीचा एकही फाटा बुजवू नका, भरती आतपर्यंत पोचली पाहिजे. आणि जी तिवरं कामापुरती तोडणार म्हणताय, ती जागा काम संपल्यावर पार्किंगला नाही, खाडीला परत द्या.

येत्या अमावास्येच्या उधाणाला मी आणि लेक पुन्हा जाणार आहोत, पाणी कुठवर चढतं त्याचे फोटो काढायला. चारकोप-गोराईकडचं कुणी बरोबर येणार असेल तर कमेंटमध्ये सांगा.