‘विषय काढलात तर कल्पना डोक्यात भराल’ : फिरत्या मेसेजला उत्तर

आत्महत्या रोखणं हे डॉक्टरांचं काम. शेजारी, शिक्षक, सहकारी यांना दोन तास शिकवून त्यात उतरवणं धोक्याचं, असं सांगणारा मेसेज सध्या फिरतोय. त्यातले दावे एकेक करून पाहू.

‘विचारलं की कल्पना डोक्यात शिरते.’ हे तपासून झालंय. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात २,३४२ विद्यार्थ्यांपैकी एका गटाला आत्महत्येबद्दल प्रश्न विचारले, दुसऱ्याला नाही. विचारल्यामुळे ताण किंवा तसले विचार वाढल्याचं दिसलं नाही. चूक होते ती विचारण्याच्या पद्धतीत. ‘तू काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?’ या प्रश्नात ‘नाही’ आधीच भरलेलं असतं. समोरचा तेच म्हणतो आणि विषय मिटतो. त्याऐवजी सरळ विचारायचं, ‘आत्महत्येचा विचार मनात येतो का?’ आणि गप्प राहायचं. बहुतेकांना ती शांतता सोसवत नाही, मग उपदेश सुरू होतो. उत्तर ‘हो’ आलं तर पुढचे प्रश्न: काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, आधी प्रयत्न झाला होता का. बेत ठरलेला असेल तर त्या माणसाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, तातडीची वैद्यकीय मदत बोलवायची.

‘ज्यानं ठरवलं, तो थांबत नाही.’ सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर १९३७ ते १९७१ या काळात उडी मारण्यापासून अडवलेल्या ५१५ जणांची पुढे माहिती काढली. १९७८च्या त्या अहवालानुसार सुमारे ९४ टक्के लोक एकतर हयात होते किंवा नैसर्गिक कारणानं वारले होते. टोकाची ऊर्मी ओसरते. म्हणून औषधांचा साठा, कीटकनाशकं, शस्त्रं घरातून हलवून दुसऱ्याच्या ताब्यात देणं हे समजूत घालण्याइतकंच महत्त्वाचं.

‘सामान्य माणूस उपचार करू शकत नाही.’ करू नयेतच. त्यानं ओळखायचं, विचारायचं, पोहोचवायचं. नुसता हेल्पलाइनचा नंबर हातात दिला तर तो खिशातच राहतो. तिथेच बसून फोन लावून द्या, पहिल्या भेटीला सोबत जा, दुसऱ्या दिवशी चौकशी करा. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका, ते पाळता येणार नाही.

‘दोन तासांत काय होणार?’ इथे मेसेजवाल्यांचं थोडं बरोबर आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, युरोपातल्या १० देशांमधल्या १६८ शाळांच्या अभ्यासात नुसतं शिक्षकांना शिकवून मुलांच्या आत्महत्येच्या प्रयत्नांत ठळक घट झाली नाही. थेट मुलांबरोबर घेतलेल्या कार्यक्रमानं झाली. म्हणजे प्रशिक्षण ही एक कडी आहे. पुढे घ्यायला समुपदेशक नसेल तर ती लोंबकळतच राहते. आणि स्लाइड दाखवून वर्ग सोडणाऱ्यांना पैसे देऊ नका. वर्गात प्रत्येकानं आत्महत्येबद्दलचा तो सरळ प्रश्न शेजारी बसलेल्याला तोंडानं विचारला पाहिजे, अडखळला तर पुन्हा. शिकलेलं काही महिन्यांत विरतं, त्यामुळे उजळणीची तारीख त्याच दिवशी ठरवून घ्या.