महासत्ता गुंडाळायचीये? मग हे आधी वाचा

समजा उद्या सकाळी उठलात आणि कळलं की एक आख्खी महासत्ता चालवायला तुमच्या हातात दिलीये. हसू नका, होतं असं. सोव्हिएत युनियनच्या गादीवरचे, मॉस्कोत अडीच वर्षांच्या आत ब्रेझनेव, आंद्रोपोव, चेर्नेन्को असे तीन म्हातारे ओळीने गेले, शेवटी पॉलिटब्युरोतला, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाच्या सर्वोच्च मंडळातला, त्यातल्या त्यात तरणा गडी म्हणून ५४ वर्षांच्या मिखाईल गोर्बाचेव्हना ११ मार्च १९८५ ला खुर्चीत बसवलं. तुमचाही नंबर लागू शकतो, तयारीत असलेलं बरं.

आल्या आल्या काय करायचं, तर दारूवर घाला घाला. वोडकाचा किती पैसा तिजोरीत येतो असले क्षुद्र हिशोब बघायचे नाहीत. मे १९८५ मध्ये मोहीम सुरू, मोल्दोव्हा-जॉर्जियातले द्राक्षाचे मळे उपटले, लोकांनी घरोघरी हातभट्टी लावली आणि दुकानातली साखर गायब! वर १९८६ ला तेलाचे भाव आपटले. तेव्हाचा एक रशियन जोक आहे, वोडकाच्या रांगेत कंटाळलेला माणूस म्हणतो थांबा, मी जाऊन गोर्बाचेव्हलाच गोळी घालून येतो, आणि थोड्या वेळाने परत येतो, का रे बाबा, तर म्हणे तिकडची रांग याहून मोठी आहे. हा जोक गोर्बाचेव्ह स्वतःच सांगायचे, म्हणजे बघा माणूस किती बिनडोक, आपल्यावरच्या जोकवर कोणाला अटक नाही, काही नाही. तुम्ही असलं काही करू नका हां.

घरी रांगा लागल्या की परदेशात जा. तिथे खरी कदर होते. डिसेंबर १९८७ ला वॉशिंग्टनमध्ये भर रस्त्यात गाडी थांबवून उतरायचं, लोकांशी हात मिळवायचे, सिक्युरिटीवाल्यांच्या तोंडचं पाणी पळवायचं. त्याच दौऱ्यात मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार झाला, त्यात मोडीत काढायची ठरली सोव्हिएतची १८४६ आणि अमेरिकेची ८४६. करार ५०० किलोमीटरच्या पुढच्यांसाठी, पण ४०० किलोमीटरवाली 'ओका' पण त्यात टाकून दिली, घ्या म्हणाले, आपल्या लष्करवाल्यांना काय वाटतं ते नंतर बघू. समोर अमेरिकेचे अध्यक्ष रेगन दरवेळी तीच रशियन म्हण ऐकवणार, विश्वास ठेवा पण खात्री करून घ्या. ऐकून हसायचं आणि सोडून द्यायचं, स्वतः वापरायची तर मुळीच नाही.

कारण पुढे दोन्ही जर्मनी एक करायचा प्रश्न येतो. आता आपल्याकडे गुंठाभर जमीन घ्यायची तर माणूस सातबारा, फेरफार, सर्च रिपोर्ट सगळं बघतो, सख्ख्या मामाकडून घेत असला तरी. महासत्तेने असला कोतेपणा करायचा नसतो. ९ फेब्रुवारी १९९० ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर मॉस्कोत येऊन बोलले की नाटो, म्हणजे अमेरिकेच्या गटाची लष्करी युती, पूर्वेकडे एक इंचही सरकणार नाही. किती गोड! लगेच कागद पुढे करून 'साहेब, इथे एक सही' म्हणायचं नाही, पाहुण्याला वाईट वाटतं. सप्टेंबरमध्ये जो खरा करार झाला त्यात पूर्व जर्मनीच्या भागात परकी फौज नको एवढं आहे, पोलंड-हंगेरीबद्दल अवाक्षर नाही. मग १९९९ ला पोलंड, हंगेरी, चेक नाटोत आणि २००४ ला बाल्टिकवाले पण, आणि दोन्हीकडचे विद्वान अजून भांडतायत की तो इंच नेमका कुठला होता. (जर्मनीपुरताच होता असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही, पण मग लिहूनच घ्यायचं ना राव.)

सैन्य काढून घेण्याच्या दराचं पण असंच. जुलैत पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर हेल्मुट कोल कॉकेशसच्या डोंगरात आले, अंगात कार्डिगन, नदीकाठी गप्पा, फोटो झकास. सप्टेंबरमध्ये फोनवर ते ८ अब्ज मार्कांपासून सुरू झाले, घासाघीस करून १२ अब्ज आणि वर ३ अब्जांचं बिनव्याजी कर्ज. एवढ्यात पूर्व जर्मनीतलं सगळं सैन्य परत न्यायला तयार. ते कार्डिगन आता बॉनच्या म्युझियममध्ये आहे.

एक गोष्ट मात्र चुकूनही करू नका. १९८९ ला पूर्व जर्मनीत तीन लाखांहून जास्त सोव्हिएत सैनिक होते, बर्लिनची भिंत पडत होती आणि त्यांना बराकीत बसवून ठेवलं. न झालेल्या गोळीबाराचं श्रेय कोण देतं? उलट घरचे अजून विचारतात, का नाही झाडल्या. आणि बाहेरच्यांनी ऑक्टोबर १९९० ला नोबेल दिलं की तीनच महिन्यांत स्वातंत्र्य मागणाऱ्या लिथुआनियाच्या विल्नियसमध्ये रणगाडे जातात, १४ जण मरतात, आणि तुम्ही म्हणता आदेश माझा नव्हता. हे जमलं पाहिजे, म्हणजे कट्टर आणि सुधारक दोघंही एकाच वेळी तुमच्यावर खवळतात.

मग ऑगस्ट १९९१ मध्ये सुट्टीवर जा. मागे मॉस्कोत कट्टर मंडळी बंड करतील, क्रिमियातल्या फोरोसच्या बंगल्यात तुमचे फोन कापले जातील, ट्रान्झिस्टरवर बीबीसी लावून आपल्याच देशात काय चाललंय ते ऐका. डिसेंबरमध्ये रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन आणि मंडळी बेलारूसच्या जंगलात देश मोडीत काढतील आणि ती बातमी आधी अमेरिकेचे अध्यक्ष बुशना देतील, मग तुम्हाला. २५ डिसेंबरला राजीनाम्यावर सही करायला गेलात की पेन चालणार नाही, सीएनएनच्या प्रेसिडेंटचं मागून घ्या. (आपल्याकडे त्याचं दुःख एवढंच की वह्यांना कव्हर घालायला येणारं ते रशियन गुळगुळीत मासिक बंद झालं.)

पोटापाण्याची काळजी नको. १९९७ मध्ये पिझ्झा हटची जाहिरात केली गोर्बाचेव्हनी, नातीला घेऊन बसलेत आणि शेजारच्या टेबलावरची माणसं यांच्यावरून भांडतायत, याने वाटोळं केलं की स्वातंत्र्य दिलं. त्याच्या आदल्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदाला उभे होते, अर्धा टक्का मतं पडली.

आणि जिंकणाऱ्या बाजूला असलात तरी फार उड्या मारू नका. जानेवारी १९९२ ला थोरल्या बुशनी संसदेत सांगितलं, देवाच्या कृपेने अमेरिकेने शीतयुद्ध जिंकलं. टाळ्या कडकडून पडल्या. नोव्हेंबरमध्ये लोकांनी त्यांना पण घरी बसवलं.