घूं, टक्टक् आणि थाड

ऑल-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देणाऱ्या गाडीचं दुखणं ओळखायला स्कॅनरच्या आधी चांगलं मराठी लागतं. 'काहीतरी आवाज येतोय' एवढ्यावर भागत नाही. पोटात दुखतंय म्हटल्यावर डॉक्टर विचारतात ना, टोचतंय की मुरडतंय? तसंच हे. घूं होतंय, टक्टक् होतंय की थाड? आपल्याकडे असे शब्द पोत्याने आहेत, पण गॅरेजात पाऊल टाकलं की मालकांना नेमका 'नॉइज'च आठवतो. आणि नॉइज, अर्थातच, गॅरेजात येत नाही.

साध्या गाडीत संशयित चार-दोन. इथे सगळं वऱ्हाड: गिअरबॉक्सला चिकटलेली, ताकद मागे वळवणारी ट्रान्सफर केस, तिथून मागे जाणारा लांब दांडा म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, त्याचे वळणारे सांधे म्हणजे क्रॉस, मधलं सेंटर बेअरिंग, मागचं डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा डबा), त्याच्या तोंडाशी बसलेलं, मागच्या चाकांना ताकद जोडणारं-तोडणारं कपलिंग, मग ॲक्सल आणि चारही चाकांची बेअरिंगं. सगळी मंडळी एकाच पत्र्याखाली नांदतात, त्यामुळे मागचा आवाज पुढच्या सीटखाली ऐकू येतो आणि मी बिचाऱ्या गिअरबॉक्सकडे संशयाने बघत बसतो.

टक्टक् सगळ्यात प्रामाणिक. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना आलं, तर बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे ॲक्सलचा चाकाजवळचा सांधा. खाली वाकून रबरी बूट बघा. फाटलेला असेल आणि चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं असेल, तर निदान झालं.

थाड म्हणजे डी मधून आर मध्ये टाकताना कोणीतरी खालून लाथ मारल्यासारखं. इंजिन माउंटिंग, क्रॉस किंवा डिफरन्शियलच्या गिअरांमधला ढिलेपणा. चाकांना दगडाची ओट लावा, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. क्रॉसच्या दोन्ही बाजूंना धरून शाफ्ट उलटसुलट पिळा. हाताला खेळ लागला किंवा टोपीभोवती तांबूस भुकटी दिसली, तर आतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या पडल्यात. शाफ्ट उतरवण्याआधी दोन्ही फ्लँजवर रंगाची खूण करा, नाहीतर बॅलन्स बिघडतो. सायलेन्सरचा पाइप शेजारूनच जातो. तो थंड झालाय असं मनगटाला नेहमी वाटतं, कोपराला कधीच नाही.

घूं मात्र नाटकी. वेग वाढला की चढतं, काँक्रीटवर आणखी चढतं. एक्सप्रेसवेवर तर प्रत्येक गाडी घूं करते, तिथे निदान करूच नये. गुळगुळीत डांबर शोधा. साठच्या वेगात ॲक्सिलरेटर दाबताना एक सूर आणि सोडल्यावर दुसरा, तर डिफरन्शियलमधली क्राउन-पिनियन ही गिअरची जोडी. पायाचा काहीच फरक नाही, पण डावीकडे हलकं वळताना घूं वाढतं? वजन उजवीकडे जातं, तेव्हा उजवं बेअरिंग तपासा.

आता ज्याच्याकडे कोणी बघत नाही ते: टायर. एक फाटला की घरात ठराव पास होतो, एकच नवा घेऊ, बाकीचे 'अजून वर्षभर जातील'. गणित करा. २१५/६५ आर १६ टायरचा घेर सुमारे २१५५ मिलिमीटर. नव्याची नक्षी ८ मिलिमीटर खोल, जुन्याची ३ उरली, म्हणजे घेरात ३१ मिलिमीटरचा फरक. पुढे दोन नवे आणि मागे दोन जुने असतील, तर मागची चाकं दर किलोमीटरला जवळपास ७ फेरे जास्त मारतात. दोनशे किलोमीटरला चौदाशे. कपलिंग जोडलेलं असताना हा हिशोब त्यालाच मिटवावा लागतो, तोही स्वतःच्या क्लच प्लेटा घासून. तापलं की ते रजा टाकतं आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. थंड झाल्यावर दिवा जातो, मालक खूश. तसाच दिवा एका चाकाचा एबीएस सेन्सर, म्हणजे चाकाचा वेग मोजणारा सेन्सर, गेल्यावरही लागतो, म्हणून सरळ रस्त्यावर चारही चाकांचे वेग स्कॅनरवर बघा. तीन चाळीस सांगतायत आणि चौथं छत्तीस, तर कपलिंग खोलू नका.

टायर सारखे असूनही कोरड्या डांबरावर स्टिअरिंग पूर्ण वळवून यू-टर्न घेताना गाडी ब्रेक दाबल्यासारखी अडखळते? कपलिंगचं तेल बदला, ते सगळ्यात स्वस्त. मात्र थार किंवा जिप्सी फोर-हायमध्ये (चारही चाकं जोडणाऱ्या गिअरमध्ये) टाकून हा प्रयोग केलात, तर ती अडखळणारच. तिथे पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारं मधलं डिफरन्शियलच नाही. तो रोग नव्हे, स्वभाव.

एक गोष्ट विनोदाची नाही. दोनच चाकं जॅकवर घेऊन गिअर टाकू नका. जमिनीवरच्या चाकांनाही ताकद मिळते आणि गाडी जॅकवरून उडी मारते. चारही चाकं वर, भक्कम स्टँडवर. तसंच टो करताना चारही चाकं फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट ट्रकवर.

डिफरन्शियलच्या तेलाकडे वळू. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडी पेस्ट असली तर चालेल, लोखंडाचे कपचे नकोत. तेल कटिंग चहाच्या रंगाचं झालंय? पाणी शिरलंय: कोकणातल्या ओढ्यातून गाडी घातलेली असते आणि ब्रीदर, म्हणजे डब्याची हवेची नळी, चोंदलेला असतो. सगळ्यात महत्त्वाचं, आधी वरचा फिलर प्लग सोडवा, मगच खालचा. उलट केलंत, तर तेल घमेल्यात, वरचा प्लग गंजून घट्ट, स्पॅनर घसरून षट्कोनाचा झालेला गोल, आणि शेजारच्या काकांचा प्रश्न: "काय रे, सापडला का आवाज?"