‘बायकांचं हिमोग्लोबिन कमीच असतं’ हा समज आता पुरे

एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांत फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बायकांचं हिमोग्लोबिन ९-१० असणं नॉर्मलच, पाळीत रक्त जातं ना! उगाच तपासण्यांच्या मागे लागू नका. बीट-पालक खा, फार तर महिनाभर लोहाची गोळी घ्या. आकडा वर आला की विषय संपला.

आधीच थकून गेलेल्या बाईला ‘तुला काही झालेलं नाही’ असं सांगणारा हा मेसेज मला धोकादायक वाटतो, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘९-१० नॉर्मल आहे.’ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेलं, की तो अ‍ॅनिमिया, म्हणजे रक्तक्षय. पुष्कळ जणींना आहे, म्हणून तो नॉर्मल होत नाही. शिवाय हिमोग्लोबिन घसरतं ते बरंच उशिरा. त्याआधी शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला असतो आणि तो कळतो फेरिटिनच्या (लोह साठवणाऱ्या प्रथिनाच्या) रक्ततपासणीत. सतत थकवा, केस गळणं, रात्री पाय स्वस्थ न राहणं, बर्फ चघळत राहावासा वाटणं, हे सगळं हिमोग्लोबिन १२ च्या वर असतानाही होऊ शकतं. फेरिटिन १५ (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) च्या खाली असेल तर साठा संपलाय यात फारशी शंका उरत नाही. मात्र अंगात संसर्ग किंवा सूज असेल तर फेरिटिन वाढलेलं दिसतं, त्यामुळे १५ च्या वरचा आकडा दर वेळी निर्धास्त करणारा नसतो.

‘पाळीमुळे होतंच.’ हे अर्धंच खरं आहे आणि उरलेलं अर्धं फार महत्त्वाचं आहे. हिशोब करून पाहू. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. हिमोग्लोबिन १२ असताना एक मिलिलिटर रक्तात सुमारे ०.४ मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे महिन्याला १२ ते १६ मिलिग्रॅम, दिवसाला जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. आतडी रोज १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषतात आणि पाळीशिवायही जवळपास १ मिलिग्रॅम रोज शरीराबाहेर जातं. बहुतेकींचं यात कसंबसं भागतं. पण रक्तस्राव ८० मिलिलिटरच्या पुढे गेला की हिशोब कोलमडतो आणि साठा महिन्यामागून महिना खचत जातो.

आता रक्त काही कोणी मोजत नाही. पण पॅड तासा-दोन तासांनी बदलावं लागत असेल, रात्री त्यासाठी उठावं लागत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, सात दिवसांहून जास्त पाळी चालत असेल, तर तो अतिस्रावच. ‘आमच्या घरात सगळ्यांचंच असं असतं’ हे उत्तर मी फार वेळा ऐकलंय. उलट तेवढ्यासाठीच नीट चौकशी व्हायला हवी, कारण फॉन विलेब्रांडसारखे रक्त न गोठण्याचे आजार घराण्यात चालत येतात. फायब्रॉइड (गर्भाशयातल्या साध्या गाठी), अ‍ॅडेनोमायोसिस (गर्भाशयाचं अस्तर त्याच्या स्नायूत वाढणं), गर्भाशयातले पॉलिप, तांबी, रक्त पातळ करणारी औषधं, अशी इतरही कारणं असतात. यातल्या बहुतेकांवर उपाय आहेत. ‘पाळीमुळे’ एवढंच लिहून फाइल बंद केली, तर ते मिळणार कसे?

‘तपासण्यांची गरज नाही.’ पाळी थांबलेल्या बाईचं काय, याबद्दल मेसेज चकार शब्द काढत नाही. तिचं लोह पाळीत जात नाही, मग जातं कुठे? अशा वेळी पहिला संशय पचनमार्गावर घ्यावा लागतो. पाळी थांबलेल्या स्त्रिया आणि पुरुष यांच्यात लोहाच्या कमतरतेचा अ‍ॅनिमिया आढळला आणि दुर्बिणीतून तपासणी केली, तर सुमारे एक तृतीयांश जणांमध्ये महत्त्वाचं कारण सापडतं. मोठ्या आतड्याच्या उजव्या भागातला कर्करोग थेंबथेंब रक्त गाळतो. ते शौचात मिसळून जातं, डोळ्यांना दिसत नाही, पोटही दुखत नाही. कित्येकदा अ‍ॅनिमिया हीच त्याची पहिली खूण असते. म्हणूनच या वयात जठर आणि मोठं आतडं, दोन्हींची एंडोस्कोपी सुचवली जाते.

पाळी चालू असलेल्यांनीही पोट विसरू नये. सीलिअ‍ॅक आजार (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला होणारी इजा), जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरीचा संसर्ग, वारंवार घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, अशा कारणांनी लोह शोषलं जात नाही किंवा आतल्या आत झिरपत राहतं. सीलिअ‍ॅकची प्राथमिक चाचणी तर रक्ताच्या एका नमुन्यावर होते.

‘बीट-पालक खा.’ जरूर खा, पण औषध म्हणून नव्हे. बीटचा लाल रंग लोहाचा नाही, बीटालेन नावाच्या रंगद्रव्यांचा आहे. १०० ग्रॅम बीटमध्ये लोह १ मिलिग्रॅमही नसतं. पालकात जास्त असतं, पण शरीर त्यातला थोडाच भाग घेतं.

‘आकडा वर आला की संपलं.’ हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही साठा भरायला साधारण तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते. दुसरं म्हणजे, रक्त कुठेतरी झिरपत असलं तरी गोळीने आकडा काही काळ चढू शकतो, म्हणून आकडा चढणं हा कारण नसल्याचा पुरावा नव्हे. आणि गोळी नीट घेऊनही दोन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन हललंच नाही, तर लोह शोषलं जात नाहीये, रक्तस्राव चालूच आहे, की मुळात निदानच वेगळं आहे, हे पाहावं लागतं. थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक स्थितीत तांबड्या पेशी लहान दिसतात, पण लोह सहसा पुरेसं असतं. तिथे गोळ्यांचा उपयोग नाही.

गोळी बंद केल्यावर काही महिन्यांनी सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची तपासणी) आणि फेरिटिन पुन्हा करा. आकडे परत घसरले असतील तर नवी गोळी मागून घरी येऊ नका. ‘लोह जातंय कुठे?’ हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा आणि त्याचं उत्तर कागदावर लिहून घ्या.