झार आला नाही, आम्ही मात्र गेलो

इंग्लंडमध्ये राहायला आल्यापासून बायकोचं एकच पालुपद, एकदा चॅट्सवर्थ बघूया. डर्बीशायरमधला ड्यूकचा वाडा, बागच नुसती 105 एकर. मी म्हटलं, आपल्या घरामागचं गवत दोन महिने कापलेलं नाहीये, आधी ते बघू. तिने फक्त माझ्याकडे बघितलं आणि तिकिटं काढली.

105 एकर ऐकायला बरं वाटतं हो, पायांना विचारा. त्यात माझे बूट नवे! पहिल्याच चढावर उजव्या टाचेने असहकार पुकारला.

तिथे तांब्याचं विलोचं झाड आहे, फांद्यांमधून पाणी उडतं. मूळचं 1690 च्या दशकातलं, म्हणजे पाहुण्यांना भिजवायची हौस तीनशे वर्षं जुनी. मी फोटोसाठी जवळ गेलो आणि नेमका वारा फिरला. व्हिडिओ बायकोकडे आहे, मागायची गरज नाही, ती स्वतःच दाखवते.

मग मेझ. तिथे आधी ड्यूकचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याने उभारलेलं प्रचंड काचघर होतं, पहिल्या महायुद्धात ते गरम ठेवायला कोळसा मिळेना, आतली झाडं मेली, 1920 मध्ये ते पाडलं आणि 1962 मध्ये यू नावाच्या सदाहरित जातीची 1209 झाडं लावून हा भूलभुलैया केला. त्यातली निम्मी झाडं आता मला नावाने ओळखत असतील. बायको मध्यावर पोचून फोनवर "उजवीकडे वळ" सांगत होती, कुणाच्या उजवीकडे ते विचारलं की चिडत होती, शेवटी एका सहा-सात वर्षांच्या मुलाच्या मागे मागे गुपचूप बाहेर आलो.

एम्परर फाउंटनपाशी बूट काढून बसलो. रशियाचा झार निकोलस येणार म्हणून 1844 मध्ये पॅक्स्टनने वर माळावर आठ एकरांचा तलाव खणवून घेतला, रात्रीसुद्धा काम चालू, पंपबिंप काही नाही, नुसत्या उताराच्या जोरावर पाणी जवळजवळ 300 फूट उडवलं. आणि झार आलाच नाही! शहाणा माणूस. त्याचेही बूट नवे असणार.

भूक लागली म्हणून पिशवीतलं केळं सोललं तर बायको म्हणाली, "हेही इथलंच." पॅक्स्टनने इथे वाढवलेली जात, ड्यूकच्या आडनावावरून कॅव्हेंडिश, आज परदेशी जाणारी बहुतेक केळी तीच.

"म्हणजे सुपरमार्केटमध्ये जाऊनही चॅट्सवर्थ झालं असतं?"

"ऊठ," ती म्हणाली, "अजून किचन गार्डन राहिलंय."