गाळलेल्या जागेत बाई का चालत नाही?

इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकातल्या आईला अजून कुणी स्वयंपाकघरातून बाहेर पडू देत नाही, आणि हे वर्षानुवर्षं शिकवून शिकवून आता माझं डोकं फिरायला लागलंय.

साधा वर्तमानकाळ काढा. ‘माय फादर गोज टू ऑफिस. माय मदर कुक्स फूड.’ पान उलटा, चालू वर्तमानकाळ. फादर पेपर वाचतायत, मदर कपडे धुतायत. भूतकाळात तिने काल धुतले, भविष्यकाळात ती उद्या धुणार. विशेषणांच्या धड्यात मुलगा ‘स्ट्राँग’ आणि ‘ब्रेव्ह’, मुलगी ‘ब्यूटिफुल’ आणि ‘शाय’. व्यवसायांच्या तक्त्यात डॉक्टर, पायलट, इंजिनिअर, पोलीस सगळे पुरुष. नर्स आणि टीचर बाई. संवाद वाचायला घेतले तर मुलगी विचारते ‘व्हॉट इज धिस?’ आणि मुलगा समजावून सांगतो. पाठ बदलतो, इयत्ता बदलते, माहिती असणारा मात्र तोच.

यावर बोललं की लगेच ऐकायला मिळतं, ‘अहो, व्याकरणाचा सराव आहे, आशयाकडे कशाला बघता?’ याच वाक्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. कारण भाषेचं पुस्तक हे इतर पुस्तकांसारखं नसतं. इतिहासाचा धडा मूल वाचतं आणि पुढे जातं. भाषेचं वाक्य ते मोठ्याने म्हणतं, वहीत उतरवतं, कर्ता बदलून पुन्हा लिहितं, जोडीदाराबरोबर बोलून दाखवतं, परीक्षेसाठी घोकतं. आणि वाक्य असतं ‘माय मदर’, म्हणजे माझी आई. दुसऱ्या कुणाबद्दलची माहिती म्हणून ते मूल हे शिकत नाही, स्वतःच्या तोंडाने स्वतःच्या घराबद्दल बोलायला शिकतं. नव्या भाषेत त्याच्याकडे एवढीच वाक्यं असतात. ज्याच्याजवळ शब्दच मोजके आहेत, त्याला हेच शब्द द्यायचे?

निबंधांचं काय होतं ते मी दर वर्षी बघते. विषय ‘माय मदर’. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाची आई पुलांचे आराखडे तपासते, कामासाठी आठवडा आठवडा बाहेर असते. त्याच्या वहीत काय होतं? ‘माय मदर इज अ हाउसवाइफ. शी गेट्स अप अर्ली. शी कुक्स टेस्टी फूड फॉर अस. शी नेव्हर गेट्स टायर्ड.’ मी म्हटलं, ‘अरे, तुझी आई तर इंजिनिअर आहे ना?’ तो म्हणाला, ‘हो ताई, पण पुस्तकात असंच आहे, मार्क मिळतात.’ त्याची काही चूक नव्हती. त्याला आईबद्दल खरं काय ते सांगायचं होतं का, हे कुणी विचारलंच नव्हतं. आणि ती ‘नेव्हर गेट्स टायर्ड’ ओळ! बाई कधी दमत नाही, हे आपण मुलांकडून पाठ करून घेतो.

त्याहून मला झोंबलेली गोष्ट उत्तरसूचीची. रिकाम्या जागा भरा, सर्वनामं. वाक्य असं : ‘द डॉक्टर सेज –– इज बिझी टुडे.’ एका मुलीने ‘शी’ हे स्त्रीलिंगी सर्वनाम लिहिलं. तिच्या शाळेत त्यावर लाल फुली मारून शेजारी ‘ही’ हे पुल्लिंगी सर्वनाम लिहून दिलं होतं. वाक्यात डॉक्टर पुरुष असल्याची एक खूण नाही. व्याकरणाने तिचं उत्तर शंभर टक्के बरोबर. तरी चूक, का तर उत्तरसूचीत एकच उत्तर छापलंय. त्या पोरीला त्या दिवशी सर्वनाम शिकवलं गेलं नाही, डॉक्टर कोण असतो ते शिकवलं गेलं, आणि वर गुण कापले.

‘पुल्लिंगी सर्वनामात स्त्रियाही येतात’ हा जुना खुलासा मला पुन्हा नको. ब्रिटिश संसदेने 1850 मध्ये कायद्यांच्या भाषेपुरतं तसं ठरवून टाकलं होतं. पण पुस्तकात त्या सर्वनामाशेजारी चित्र कुणाचं असतं? कोट घातलेल्या पुरुषाचं. स्त्रिया त्यात येत असतील तर कधीतरी चित्रात दिसायला नकोत?

आणि हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असं मुळीच नाही. इंग्रजी शिकवण्याच्या साहित्यातल्या या भेदभावावर हार्टमन आणि जड या अभ्यासकांनी 1978 मध्ये लिहिलं. कॅरन पोरेका या संशोधिकेने 1984 मध्ये इंग्रजी शिकवणारी 15 पुस्तकं तपासली, तर चित्रांत एका बाईमागे जवळजवळ दोन पुरुष. स्त्रियांवरचा भेदभाव संपवण्याचा संयुक्त राष्ट्रांचा करार 1979 चा; त्याच्या कलम 10 मध्ये पाठ्यपुस्तकं सुधारून या साचेबंद भूमिका काढून टाका, असं स्पष्ट लिहिलंय. युनेस्कोच्या 2020 च्या शिक्षण अहवालात माध्यमिक इंग्रजी पुस्तकांतल्या मजकुरात आणि चित्रांत स्त्रियांचं प्रमाण दिलंय : मलेशिया आणि इंडोनेशियात 44 टक्के, बांगलादेशात 37, पाकिस्तानच्या पंजाब प्रांतात 24. एवढी वर्षं सगळ्यांना सगळं माहीत आहे, आणि तरी नवी आवृत्ती म्हणजे जुनंच पुस्तक नव्या मुखपृष्ठात.

मुखपृष्ठावर हल्ली अवकाशयात्री मुलगी असते, तेही सांगते. आत एक धडा मारी क्युरींवर. दोन वेगवेगळ्या विज्ञानशाखांत नोबेल मिळवणारी बाई, 1903 ला भौतिकशास्त्रात आणि 1911 ला रसायनशास्त्रात. धडा चांगलाच असतो, तो हवाच. पण त्याच पुस्तकातल्या सरावाच्या वाक्यांत एक तरी साधी बाई प्रयोगशाळेत काम करते का? बँकेत जाते का, गाडी दुरुस्त करते का, मीटिंगला उशीर झाला म्हणून धावते का? म्हणजे मुलीला दोनच जागा ठेवल्या, एक तर जगावेगळी व्हा, नाहीतर कपडे धुवा. नोबेल न मिळवता रोज कामावर जाणाऱ्या बायका पुस्तकाला दिसतच नाहीत.

मुलांच्याही वाट्याला हेच. पुस्तकातला मुलगा कधी घाबरत नाही, रडत नाही, धाकट्या भावंडाला भरवत नाही. वर्गातले निम्मे मुलगे घरी हे सगळं करतात.

‘समाजात जे आहे तेच दाखवतो’ म्हणणाऱ्यांनी एकदा मुलांना वर्गात विचारावं, कुणाची आई काय काम करते. समाज कधीच पुढे गेलाय, मागे राहिलंय ते पुस्तक. आणि ही वाक्यं काही कुणाच्या थोर साहित्यातून घेतलेली नाहीत, की एक शब्द बदलला तर अनर्थ होईल. कुणीतरी टेबलाशी बसून बनवलेली आहेत. ‘माय फादर कुक्स’ लिहिलं तरी क्रियापदाला ‘एस’ लागतोच. ‘माय मदर ड्राइव्हज अ ट्रक’ लिहिलं तरी वर्तमानकाळ साधाच राहतो. व्याकरण तेच, मेहनत तेवढीच, छपाईचा खर्चही तेवढाच. मग कुणाचं काय अडतंय?

पुस्तक छापायला जाण्याआधी कुणीतरी पेन्सिल घेऊन बसा आणि मोजा. किती वाक्यांत बाई कर्ता आहे, त्यातल्या किती वाक्यांत ती घराबाहेर आहे, संवादात उत्तर कोण देतं, चित्रात खुर्चीवर कोण आणि ट्रे घेऊन उभं कोण. एका दुपारचं काम आहे. आणि ती उत्तरसूची आजच्या आज दुरुस्त करा : दोन्ही सर्वनामं बरोबर, दोन्हींना पूर्ण गुण.