डेबियन मायक्रोसॉफ्टला विकलं गेलं म्हणे! जरा बघू या

ऐरोली-कोपरखैरणेच्या कॉलेज ग्रुपांपासून ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपपर्यंत सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. त्यात म्हटलंय की डेबियनसारख्या, फुकट राबणाऱ्या लोकांनी चालवलेल्या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमने सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना ओळखीच्या सहीचेच प्रोग्रॅम चालू देणारी सोय) घेतलं म्हणजे घराची चावी मायक्रोसॉफ्टला दिली, आता प्रत्येक अपडेट त्यांच्या परवानगीने, स्वतःचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) चालवता येणार नाही, लिनक्सला व्हायरस नसतोच मग हे हवंय कशाला, आणि जून २०२६ ला मायक्रोसॉफ्टचं सर्टिफिकेट संपलं की सगळी लिनक्स मशिनं ठप्प, सो आत्ताच बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट बंद करा आणि दहा जणांना पाठवा. दहा जणांना पाठवा वाचूनच शंका यायला हवी, पण असो.

आधी त्या शेवटच्या सल्ल्याचं बोलतो कारण नुकसान त्यानेच होतंय. बहुतेक पोरांच्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतं, आणि विंडोजचं बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असतं हे त्यांना माहीतच नसतं. बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद केलं की पुढच्या वेळी विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं, आणि ती की असते कुठल्या तरी जुन्या मेल अकाउंटवर ज्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री हे झालं की मग बसा रडत. शिवाय विंडोज ११ वर व्हॅलोरंटला सिक्युअर बूट लागतं, म्हणजे फॉरवर्ड पाठवणाराच संध्याकाळी विचारणार की गेम का चालत नाही.

आता चावी. पीसीच्या फर्मवेअरमध्ये (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) कोणाच्या सहीवर विश्वास ठेवायचा याची यादी असते, आणि त्यात मायक्रोसॉफ्टची की (सही ओळखायची डिजिटल चावी) असतेच, कारण २०१२ ला विंडोज ८ चं सर्टिफिकेशन हवं असेल तर सिक्युअर बूट चालू ठेवूनच मशीन विका अशी अट होती. प्रत्येक डिस्ट्रोची (डेबियनसारख्या लिनक्सच्या प्रकाराची) की प्रत्येक मदरबोर्डवाल्याकडून टाकून घेणं कोणालाच शक्य नव्हतं, म्हणून शिम नावाचा एक छोटासा प्रोग्रॅम आला, मॅथ्यू गॅरेट या लिनक्स डेव्हलपरचं काम ते. मायक्रोसॉफ्टची सही फक्त त्या शिमवर असते. शिमच्या पोटात डेबियनचं स्वतःचं सर्टिफिकेट, आणि पुढे ग्रब (कर्नल सुरू करणारा प्रोग्रॅम) आणि कर्नल हे दोन्ही डेबियनच्या सहीने चालतात. म्हणजे चावी म्हणायचीच तर बिल्डिंगच्या गेटची म्हणा, वॉचमन शिमला ओळखून आत सोडतो, वर फ्लॅटचं कुलूप डेबियनचंच.

त्यामुळे प्रत्येक अपडेट परवानगीने वगैरे साफ खोटं. कर्नलचं सिक्युरिटी अपडेट येतं तेव्हा मायक्रोसॉफ्टला कोणी विचारत नाही. शिम बदलला तरच तो त्यांच्याकडे जातो, आणि त्याआधी दुसऱ्या डिस्ट्रोवाले लोक तो उघड्यावर तपासतात, तोच सोर्स पुन्हा बिल्ड करून तंतोतंत तीच फाइल मिळते का बघतात.

आणि विकलेच गेले असते तर इतका वेळ लागला असता का हो? फेडोरा या दुसऱ्या डिस्ट्रोने हे जानेवारी २०१३ ला दिलं, डेबियनमध्ये आलं जुलै २०१९ ला, दहाव्या आवृत्तीत. नवव्यातच, २०१७ ला, येणार होतं पण राहिलं. कारण काम किचकट आहे, पॅकेज जिथे बिल्ड होतात त्या मशिनींवर सही करायची की ठेवता येत नाही, सो सही करणारी सर्व्हिस वेगळी, आधी बिनसहीचं पॅकेज, मग त्यावरून सहीवालं दुसरं पॅकेज, आणि हे सगळं नोकरी-घर सांभाळून उरलेल्या वेळात करणाऱ्या लोकांनी जुळवलंय. त्यांना विकलेले म्हणणं मला तरी जड जातं.

स्वतःचा कर्नल चालतो. मोक म्हणजे मशीन ओनर की असते, आपली की बनवायची, मोकयूटिल नावाच्या कमांडने टाकायची, पासवर्ड द्यायचा, रीबूटला निळी स्क्रीन येते तिथे ओके करायचं. लोक इथेच फसतात, ती स्क्रीन दहाएक सेकंदच थांबते आणि हे चहा आणायला गेलेले असतात. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स ड्रायव्हरलाही हीच वाट. हां, तोटा आहे, सिक्युअर बूट चालू असताना कर्नल लॉकडाऊनमध्ये (काही गोष्टींना बंदी घालणाऱ्या स्थितीत) जातो आणि हायबरनेट (चालू काम डिस्कवर ठेवून मशीन बंद करणं) बंद होतं. त्याबद्दल बोंब मारा, मी पण मारतो.

व्हायरसचं म्हणाल तर नोव्हेंबर २०२४ ला बूटकिटी नावाचं लिनक्ससाठीचं बूटकिट (सिस्टिम सुरू व्हायच्या आधीच घुसणारा व्हायरस) सापडलं. कोरियातल्या विद्यार्थ्यांचा प्रयोग निघाला तो, पण त्याची सही स्वतःच केलेली होती, त्यामुळे सिक्युअर बूट चालू असलेल्या मशीनवर आधी त्यांचं सर्टिफिकेट घुसवल्याशिवाय ते चालत नाही. म्हणून सिक्युअर बूट अभेद्य आहे असं नाही, २०२३ ला ब्लॅकलोटस नावाच्या बूटकिटने विंडोजवर सिक्युअर बूटला बगल दिलीच होती. आणि डेबियनमध्ये इनिटरॅमएफएस (कर्नलसोबत सुरुवातीला लोड होणारी फाइल) तुमच्याच मशीनवर बनतं, त्यावर सहीच नसते, ते कोणी तपासत नाही. खरी टीका करायची तर ही करा ना, फॉरवर्डमध्ये याचा एक शब्द नाही.

मायक्रोसॉफ्टच्या हातात काहीच नाही असंही मी म्हणणार नाही. ऑगस्ट २०२४ ला त्यांच्या विंडोज अपडेटने जुने शिम बाद केले, ड्युअल बूटवाल्यांना (एकाच मशीनवर दोन्ही सिस्टिम ठेवणाऱ्यांना) ते लागू होणार नाही असं ठरलेलं असूनही झालं, आणि कितीतरी लोकांचं लिनक्स सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन दाखवून बंद पडलं. काही नव्या थिंकपॅड लॅपटॉपमध्ये तर त्यांची थर्ड पार्टीवाली की (शिमसारख्या बाहेरच्या प्रोग्रॅमसाठीची) सुरुवातीला बंदच असते, बायोसमधून चालू करावी लागते. सगळा भार एकाच कंपनीच्या सहीवर आहे हे दुखणं खरंच आहे, पण त्याला विकले गेले म्हणत नाहीत.

राहिलं जून २०२६. मायक्रोसॉफ्टचं २०११ चं सर्टिफिकेट तेव्हा संपतं हे बरोबर. पण फर्मवेअर बूट करताना साधारणपणे ही तारीख बघत नाही, सो ज्या शिमवर ऑलरेडी सही आहे तो पुढेही चालतो. प्रश्न नव्या शिमचा, त्यावर २०२३ च्या कीची सही असणार आणि ती की मशीनमध्ये हवी. ती बायोस अपडेटमधून येते किंवा एफडब्ल्यूअपडी या लिनक्समधल्या फर्मवेअर अपडेट टूलमधून, तेवढं करून ठेवा. महापेच्या ऑफिसांतून निघालेले जुने लॅपटॉप ज्यांच्याकडे आहेत आणि लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने बायोस अपडेट देणं कधीच थांबवलंय, त्यांचा नवा शिम अडला तर तेव्हा सिक्युअर बूट बंद करायचा पर्याय आहेच.